जेम्स यंग सिम्प्सन: क्लोरोफॉर्मच्या गोष्टीत खरं किती, आणि त्याशिवाय काय?

सायली_क

एडिंबराचा प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन (१८११-१८७०) याच्यावर अकरावी-बारावीच्या मुलांसाठी टिपण करायचं आहे. मराठीत जे मिळतं ते बहुतेक एकाच साच्यातलं. जेवण झाल्यावर तिघांनी क्लोरोफॉर्म हुंगला, तिघे टेबलाखाली आडवे झाले, पाद्र्यांनी आकांडतांडव केलं, मग व्हिक्टोरिया राणीनं क्लोरोफॉर्म घेतला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. यातलं टिकणारं किती? राणीला क्लोरोफॉर्म सिम्प्सननंच दिला का? तेव्हा मात्रा कशी ठरवत आणि माणसं दगावत ती नेमकी कशानं? शिवाय लेबर रूममध्ये ‘सिम्प्सन फोर्सेप्स’ म्हणतात तो याच माणसाचा का, आणि त्यात असं काय आहे की तो अजून चालतो? तारखा आणि आकडे पक्के असतील तेवढेच द्यावेत, ही विनंती.

जुनाकागद

आधी माणूस. जन्म ७ जून १८११, एडिंबराच्या पश्चिमेला बाथगेट गावी. वडील पाव भाजणारे, घरात मुलं पुष्कळ, आणि हा सगळ्यांत हुशार म्हणून याला शिकवायचं असं घरानंच ठरवलेलं. १४व्या वर्षी एडिंबरा विद्यापीठात, १८३०मध्ये शल्यचिकित्सक मंडळाचा परवाना, १८३२मध्ये एम.डी.

खरी कसरत १८४०ची. सुईणविद्येच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. त्या काळी तिथं प्राध्यापक विद्यापीठ नेमत नसे, शहराची नगरपरिषद मतदान करून नेमायची. त्यामुळे नगरसेवकांच्या घरी खेटे, ओळखीपाळखी, शिफारसपत्रांचं छापील बाड, सगळे सोपस्कार आले. वय २८, म्हणजे कोवळं. त्यात अविवाहित, आणि बायकांचं बाळंतपण शिकवणारा अविवाहित कसा चालेल, हा आक्षेप. त्यानं १८३९च्या डिसेंबरात जेसी ग्रिंडले हिच्याशी लग्न उरकलं आणि फेब्रुवारी १८४०मध्ये १७ विरुद्ध १६ मतांनी निवडून आला. मुलांना हे जरूर सांगा. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेलं असतं, किंवा बऱ्याच उशिरा झालं असतं.

आता टेबलाखालची गोष्ट. तारीख ४ नोव्हेंबर १८४७, जागा ५२ क्वीन स्ट्रीट, सोबत त्याचे दोन सहायक, जॉर्ज कीथ आणि मॅथ्यूज डंकन. प्रसंग घडला, यात शंका नाही. पण गोष्टीत तो अचानक घडल्यासारखा येतो, तसं नव्हतं. बोस्टनला मॉर्टन या दंतवैद्यानं १६ ऑक्टोबर १८४६ला ईथर हुंगवून भूल देण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि सिम्प्सननं १९ जानेवारी १८४७ला, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांत, ते बाळंतपणात वापरलं. बाईचं कटिर (पेल्व्हिस, बाळ ज्यातून बाहेर येतं तो हाडांचा घेर) अरुंद होतं आणि बाळ आतल्या आत फिरवून पायाकडून काढावं लागलं. बाळ वाचलं नाही. पण भूल दिली तरी कळा थांबत नाहीत, गर्भाशय आपलं काम करत राहतं, हे त्यातून कळलं. प्रसूतीपुरता कळीचा शोध तो, आणि तो ईथरवर लागला.

ईथर त्याला नको होतं, कारण वास उग्र, मात्रा भरपूर लागते, सुरुवातीला ठसका येतो आणि ते भडकन पेटतं. मेणबत्त्या आणि शेकोटी असलेल्या खोलीत रात्रीचं बाळंतपण करणाऱ्याला ते गैरसोयीचं. म्हणून महिनोन् महिने संध्याकाळी पेल्यांत वेगवेगळी द्रव्यं ओतून हुंगण्याचा उद्योग चालू होता. क्लोरोफॉर्म त्या रांगेत आला. तो १८३१पासून माहीत असलेला पदार्थ, आणि फ्रान्सच्या फ्लूरान्सनं १८४७च्या मार्चमध्येच त्याचा प्राण्यांवरचा परिणाम नोंदवला होता. तेव्हा ‘सिम्प्सननं क्लोरोफॉर्म शोधला’ हे वाक्य टिपणात नको. त्यानं तो माणसावर आजमावला, सहा दिवसांत, १० नोव्हेंबरला, एडिंबराच्या वैद्यक-शल्य सभेपुढे मांडला आणि लगोलग पुस्तिका छापली.

भूलथाप

मात्रेबद्दल लिहितो, कारण सगळी मेख तिथं आहे.

बाळंतपणात क्लोरोफॉर्म पहिल्यांदा ८ नोव्हेंबर १८४७ला दिला गेला. बाईचं पहिलं बाळंतपण तीन दिवस अडलं होतं आणि शेवटी बाळाचं डोकं फोडून काढावं लागलं होतं. दुसऱ्या खेपेला कळा सुरू होऊन साडेतीन तास झाल्यावर सिम्प्सननं हातरुमालाची नरसाळ्यासारखी गुंडाळी केली, त्यावर अर्धा चहाचा चमचा क्लोरोफॉर्म टाकला आणि रुंद तोंड तिच्या नाकातोंडावर धरलं. दहा-बारा मिनिटांनी ते उडून गेल्यावर पुन्हा एकदा टाकला. हुंगायला लागल्यापासून सुमारे २५ मिनिटांत मूल बाहेर. त्या मुलीचं नाव ‘अॅनेस्थेशिया’ ठेवलं, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. ते खोटं आहे. तिचं नाव विल्हेल्मिना.

आता हिशेब करा. अर्धा चमचा म्हणजे तेव्हाच्या मापानं जवळपास १.८ मिलि. घनता १.४८, म्हणून सुमारे २.७ ग्रॅम, आणि त्यातून खोलीच्या तापमानाला अर्धा लिटरच्या आसपास वाफ होते. ही वाफ १० लिटर हवेत सारखी मिसळली तर प्रमाण ५ टक्क्यांच्या घरात राहतं. मुद्दा ‘सारखी मिसळली तर’ हा आहे. २० अंश सेल्सियसला क्लोरोफॉर्मनं संपृक्त हवेत त्याचं प्रमाण सुमारे २१ टक्के असतं. रुमाल ताजा ओला, तोंडाला घट्ट चिकटवलेला आणि बाईनं कळेसरशी खोल श्वास घेतला, तर पहिल्या काही श्वासांत ५ टक्क्यांच्या बरंच वर जाता येतं. रुमाल गार पडला किंवा कोरडा झाला की प्रमाण एकदम खाली. म्हणजे तोच रुमाल, तोच चमचा, पण दर मिनिटाला मात्रा वेगळी. देणाऱ्याला ती दिसत नाही.

लंडनच्या जॉन स्नोचं वेगळेपण हे की त्यानं हाच प्रश्न हातात घेतला. तापमानानुसार हवेत किती वाफ मावते याची कोष्टकं केली, प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवणारं उपकरण बनवलं. राणीला क्लोरोफॉर्म दिला तो यानं, सिम्प्सननं नाही. ७ एप्रिल १८५३, राजपुत्र लिओपोल्डचा जन्म. त्या दिवशी स्नोनंसुद्धा रुमालच वापरला, पण प्रत्येक कळेला १५ मिनिम, म्हणजे एक मिलिपेक्षा थोडा कमी, आणि दोन कळांच्या मधे काही नाही. असं ५३ मिनिटं. राणी पूर्ण बेशुद्ध झालीच नाही, फक्त वेदनेची धार बोथट झाली. १८५७मध्ये बिअॅट्रिसच्या वेळीही स्नोच होता.

सिम्प्सनची पद्धत याच्या उलट. पहिल्यांदाच भरपूर द्या, बाई झटकन झोपू द्या, चळवळ्या अवस्थेत रेंगाळू देऊ नका. त्याला कारणही होतं. अर्धवट भूल चढलेला माणूस हातपाय झाडतो, ओरडतो, आणि नातेवाईक घाबरतात. पण जास्त खोल भूल दिली की गर्भाशय ढिलं पडतं, कळा लांबतात, आणि वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं नाही तर रक्तस्राव होतो. कळेपुरती हलकी भूल या बाबतीत सरस.

साठवणीचं एक. क्लोरोफॉर्म पेटत नाही म्हणून तो निर्धोक, असा समज होता. उजेड आणि हवा लागली की तो फुटून फॉस्जीन हा विषारी वायू आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं. म्हणून पिंगट बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, आणि टिकण्यासाठी त्यात १ टक्क्याच्या आसपास अल्कोहोल. उघड्या गॅसबत्तीच्या ज्योतीवरही हेच होतं. बंद खोलीत गॅसबत्ती जळत असेल तर डॉक्टर-सुईण सगळेच खोकू लागत.

सायली_क

हे फारच उपयोगी, धन्यवाद. @भूलथाप, मग लोक मरत ते जास्त मात्रेनं श्वास बंद पडून, असं धरायचं का? आणि धर्ममार्तंडांच्या विरोधाचं काय?

भूलथाप

पूर्णपणे नाही. पहिला नोंदलेला बळी हॅना ग्रीनर, वय १५, न्यूकासलजवळ विन्लटन, २८ जानेवारी १८४८. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. चमचाभर क्लोरोफॉर्म, रुमाल, आणि दोन-तीन मिनिटांत मुलगी गेली. तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली त्यानं ती गुदमरली, असं सिम्प्सन म्हणाला. क्लोरोफॉर्मला दोष लागू नये म्हणून केलेली ही वकिली आहे. स्नोच्या मते हृदयच बंद पडलं.

मजा अशी की मरणारे पुष्कळदा खोल भुलेत नव्हतेच. सुरुवातीलाच, हलक्या भुलेत, किरकोळ शस्त्रक्रियेला, आणि घाबरलेले. हे कोडं १९११मध्ये लेव्हीनं मांजरांवर प्रयोग करून सोडवलं. हलका क्लोरोफॉर्म अधिक अॅड्रिनलिन, की हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. भीतीनं अॅड्रिनलिन वाढतंच. शिवाय दुसरं मरण उशिराचं: भूल उतरते, एक-दोन दिवसांनी उलट्या, कावीळ, आणि यकृत निकामी. ते मुलांमध्ये प्रथम नीट नोंदलं गेलं १८९४मध्ये.

जुनाकागद

धार्मिक विरोधाची गोष्ट फुगवलेली आहे. सिम्प्सननं १८४७च्या डिसेंबरात धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून पुस्तिका काढली, ती प्रसिद्ध आहे. बायबलात ‘दुःखानं मुलं प्रसवशील’ असं बाईला सांगितलंय, तर देवानं आदामाला गाढ झोप आणून त्याची फासळी काढली हेही सांगितलंय, असा त्याचा प्रतिवाद. उत्तर इतकं गाजलं की मूळ आरोपही तेवढेच असतील असं लोकांनी धरलं. प्रत्यक्षात त्या काळचं छापील साहित्य चाळलं तर चर्चकडून आलेला जाहीर विरोध फार थोडा सापडतो. काही पाद्री त्याच्या बाजूचेही होते. आरोप येतील म्हणून त्यानं आधीच ढाल पुढे केली, असं म्हणणं जास्त बरोबर.

चिवट विरोध डॉक्टरांचा. फिलाडेल्फियाचा चार्ल्स मेग्ज म्हणे, कळ ही निसर्गाची शक्ती आहे, आजार नव्हे. त्याचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बाळ ओढून काढायचा चिमटा (फोर्सेप्स) लावताना पातं चुकीच्या जागी बसून मांस चिमटीत सापडलं तर बाई ओरडते, आणि तेच डॉक्टरला सावध करतं. तिला झोपवलं तर सावध करणार कोण? लंडनमध्ये टायलर स्मिथनं आणखी एक आक्षेप घेतला, भुलेत बाई लाजलज्जा सोडून वागते असा. राणीच्या १८५३च्या बाळंतपणानं हे सगळं मिटलं नाही. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकानं तर तेव्हाच, निरोगी बाळंतपणात असा धोका पत्करलाच कसा, म्हणून झोड उठवली. श्रीमंत घरांतून मागणी वाढली, एवढं खरं.

कळवेणा

@सायली, फोर्सेप्स त्याचाच. आणि क्लोरोफॉर्म इतिहासजमा झाला, पण हा चिमटा अजून ट्रेमध्ये आहे, म्हणून टिपणात त्याला निम्मी जागा द्या असा आग्रह.

चिमटा त्यानं शोधला नाही. चेंबरलेन घराण्यानं १७व्या शतकात तो पिढ्यान् पिढ्या गुपित ठेवला. बाळाच्या डोक्याला बसणारा बाक आधीपासून होता. १८व्या शतकाच्या मध्यात फ्रान्समध्ये लव्हरे आणि इंग्लंडमध्ये स्मेली यांनी कटिराच्या वळणाला जुळणारा दुसरा बाक दिला. सिम्प्सननं १८४८मध्ये या सगळ्याची नेटकी जुळणी केली. भाग असे: दोन्ही पाती मधे खिडकीसारखी मोकळी, म्हणजे वजन कमी आणि डोकं घसरत नाही. पात्यांमागचे दांडे एकमेकांना समांतर आणि मधे फट ठेवून, त्यामुळे कळांनी लांबुळकं झालेलं डोकं त्यात चेपत नाही. पहिलटकरणीचं डोकं बहुधा असंच लांबुळकं होतं, म्हणून हा चिमटा तिथं चालतो. डोकं गोल राहिलं असेल तर एकमेकांवर चढलेले दांडे असलेला एलियटचा बरा. कुलूप इंग्लिश पद्धतीचं, म्हणजे दोन खाचा एकमेकींत सरकून बसतात, स्क्रू नाही. मुठीला बाहेर काढलेले खांदे, त्यावर दोन बोटं अडकवून ओढायचं. मूठ आवळून ओढली तर तो दाब थेट बाळाच्या डोक्यावर जातो. खांद्यामुळे आवळावं लागत नाही.

लावायच्या अटी आजही त्याच. गर्भाशयमुख पूर्ण उघडलेलं, पाणमोट फुटलेली, डोकं कटिरात बसलेलं, ते कुठल्या बाजूला तोंड करून आहे ते बोटांनी पक्कं कळलेलं, मूत्राशय रिकामं. डावं पातं आधी: डाव्या हातात धरून आईच्या डाव्या अंगाला, उजव्या हाताची बोटं आत ठेवून त्यांच्या आधारानं. मग उजवं. क्रम उलटला तर दांडे एकमेकांवर उलटे येतात आणि कुलूप लागत नाही. कुलूप सहज लागलं नाही तर जोर करायचा नाही, पाती काढून डोक्याची स्थिती पुन्हा तपासायची. ओढायचं कळेबरोबर, कळ ओसरली की सैल सोडायचं. दिशा आधी खाली आणि मागे, मग डोकं जघनास्थीखालून (कटिराच्या पुढच्या हाडाखालून) निसटू लागलं की हळूहळू वर.

दोष कुठे? डोकं उंचावर असेल तर मुठीला धरून ओढल्यावर बरीच ताकद जघनास्थीवर वाया जाते, कारण कटिराचा मार्ग वळणाचा आणि ओढ सरळ. फ्रान्सच्या तार्निएनं १८७७मध्ये वेगळा ओढदांडा जोडला तो यासाठी. आता उंच डोक्याला कुणी चिमटा लावत नाही, सिझेरियन करतात, त्यामुळे सिम्प्सनच्या चिमट्याची ही उणीव उघडी पडतच नाही.

आणि एक विसरलेली वस्तू. १८४९मध्ये त्यानं ‘हवेचा ओढक’ दाखवला: पितळी पिचकारी, तिला कातडं लावलेली वाटी, वाटी बाळाच्या डोक्यावर ठेवून दट्ट्या ओढायचा आणि पोकळीच्या जोरावर डोकं बाहेर. तत्त्व बिनचूक, पण पिचकारी आणि वाटी एकाच तुकड्यात, कातड्याच्या कडेतून हवा शिरायची, ओढताना वाटी कलंडली की पोकळी गेलीच. त्यानं नाद सोडला. १९५०च्या दशकात स्वीडनच्या माल्मस्ट्रोमनं वाटी धातूची केली, पंप नळीनं वेगळा जोडला, आणि ते चाललं. आजचं व्हेंटूस ते.

आकडेमोड्या

शेवटच्या वर्षांतलं त्याचं एक काम कुणी काढलं नाही. १८६९च्या सुमाराचं ‘हॉस्पिटलिझम’. खेडोपाडीच्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यानं हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांचे आकडे गोळा केले. मोठ्या इस्पितळांत २,०८९पैकी ८५५ दगावले, म्हणजे ४१ टक्के. खेड्यांत, घरच्या घरी केलेल्या २,०९८पैकी २२६, म्हणजे १०.८ टक्के. वॉटर्लूच्या रणांगणावरच्या सैनिकापेक्षा इस्पितळाच्या टेबलावरच्या माणसाला मरणाचा धोका जास्त, हे त्याचं वाक्य यातूनच. उपाय म्हणून मोठी इस्पितळं मोडून लहान लहान, गरज संपली की हलवता येतील अशा लोखंडी झोपड्या बांधा, म्हणे.

तुलना जशीच्या तशी घेऊ नका. इस्पितळात येणारा रुग्ण जास्त चिरडलेला असू शकतो. खेड्यातला डॉक्टर पत्राला उत्तर देताना आपले मेलेले रुग्ण विसरू शकतो. टीकाकारांनी तेव्हाच हे बोट ठेवलं होतं. तरी चौपट फरक एवढ्यानं भरून निघत नाही. गर्दीत काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जातं, एवढं त्याला बरोबर दिसलं होतं. सूतिकाज्वर (बाळंतपणानंतरचा ताप) आणि शस्त्रक्रियेनंतरचा ज्वर एकाच जातीचे, हे तर त्यानं १८५०मध्येच लिहिलं होतं.

आणि म्हणूनच लिस्टरला त्यानं केलेला विरोध खटकतो. १८६७मध्ये शल्यचिकित्सक लिस्टरनं जखम जंतुमुक्त करायला कार्बोलिक आम्ल पुढे आणलं तेव्हा हा म्हणाला, हे फ्रान्सच्या लमेरनं आधीच केलंय. तपशील खरा, पण मुद्दा तो नव्हता. त्यामागे घरचं भांडण होतं. शल्यचिकित्सक जेम्स साइम त्याचा जुना वैरी, आणि लिस्टर साइमचा जावई. सिम्प्सननं रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधण्याऐवजी सुईनं दाबून रक्त थांबवायची ‘अॅक्युप्रेशर’ पद्धत काढली, तेव्हा साइमनं ती पुस्तिका विद्यार्थ्यांसमोर फाडली होती. दोऱ्याचे लोंबते शेंडे जखमेत कुजतात, हे सिम्प्सनचं निदान बरोबर होतं. पण दोरा जंतुमुक्त केल्यावर सुयांची गरजच उरली नाही.

जुनाकागद

@आकडेमोड्या, घरचं भांडण होतं हे मान्य, पण सगळं त्याच्या माथी मारू नका. सिम्प्सनला वाटे रोग इमारतीत आहे, लिस्टरला वाटे जखमेत शिरणाऱ्या जंतूत. इमारत पाडायची की जखम धुवायची, हा खराच मतभेद होता. ६ मे १८७०ला सिम्प्सन गेला, तोवर तो मिटला नव्हता. चार वर्षं आधी, १८६६मध्ये, त्याला बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी दिली होती. वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन करण्याचा प्रस्ताव आला, घरच्यांनी एडिंबराचं वॉरिस्टन पसंत केलं.

सायली_क

मुलांना आपल्याकडचा काही धागा देता येईल का? ओढूनताणून नको.

भूलथाप

दोन आहेत. क्लोरोफॉर्म करून बघा असं सिम्प्सनला सुचवणारा डेव्हिड वॉल्डी, लिव्हरपूलचा रसायनतज्ज्ञ. तो स्वतः शुद्ध करून पाठवणार होता, पण प्रयोगशाळा जळाली, म्हणून सिम्प्सननं एडिंबराच्या डंकन अँड फ्लॉकहार्टकडून माल घेतला. पुस्तिकेत वॉल्डीचा उल्लेख आहे तो तळटीपेत. हाच वॉल्डी १८५३मध्ये कलकत्त्याला आला आणि तिथं त्यानं रसायनांचा कारखाना काढला.

दुसरा हैदराबादचा, आणि तेव्हाच्या निजाम संस्थानात आपला मराठवाडा होता. एडिंबरात साइमच्या तालमीत तयार झालेला एडवर्ड लॉरी तिथं मुख्य डॉक्टर होता. एडिंबराची शिकवण अशी: मात्रा मोजत बसू नका, नाडी बघू नका, श्वासावर लक्ष ठेवा. लंडनवाल्यांना ते पटेना. निजामाच्या पैशानं १८८८ आणि १८८९ असे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटनला बोलावलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरीच्या बाजूनं लागला: आधी श्वास बंद पडतो, हृदय नंतर. प्रयोगात जे पाहिलं ते खरंच होतं. पण मात्रा हळूहळू वाढवत नेलेला प्राणी श्वास थांबूनच मरतो. हलक्या भुलेत अचानक थरथरणारं हृदय पाहायचं असेल तर हलकी भूल आणि अॅड्रिनलिन दोन्ही एकत्र लागतात. लेव्हीनं १९११मध्ये ती जुळणी केली, हैदराबादच्या प्रयोगात ती नव्हती.